सात गाठींचं घोंगडं

भोरला पोस्टाजवळ माझी टपरी आहे. परदेशी जाणारी पार्सलं मी बांधते, फॉर्म भरते, वरून कापड शिवते. अंजना पार्सलवाली कुठं बसते म्हटलं तर कुणीही सांगेल. बारा वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. परदेशी पार्सल पाठवायला आलेला माणूस खोटं बोलतो. वाईट नसतो बिचारा, पण बोलतो. आत लोणच्याची बरणी असते आणि मला सांगणार, "ताई, निस्ती कापडं हायेत." ताकाला जाऊन भांडं लपवतात मेले.

आक्काबाई आल्या तेव्हा मात्र संशयखोर मी एकटीच नव्हते. गुंजवण्याच्या वर डोंगरात त्यांचा धनगरवाडा. विंझरपर्यंत जीप आणि पुढं दोन एसट्या बदलून आल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढं. बोचकं मांडीवर घेऊन बसल्या आणि सोडेचनात.

"तू पोस्टाची का खाजगी?"

"खाजगी. पण पार्सल पोस्टातनंच जातं."

"मग तू मधी कशाला?"

मी म्हटलं, तुम्हीच शिवा आज्जी, मी बसते बघत. तेव्हा बोचकं सुटलं. आत एक छोटं काळं घोंगडं होतं.

त्यांची नात सुप्रिया जर्मनीत नर्स आहे. आईविना पोर, आक्काबाईंनीच वाढवलेली. तिला पहिलं बाळ होणार होतं. आक्काबाईंचे यजमान हैबती गेल्या शिमग्याला वारले आणि मेंढरं विकली. त्याआधी त्यांनी कातरलेली शेवटची लोकर म्हातारीनं स्वतः कातली आणि घोंगडं विणून घेतलं.

"आमच्यात बाळाला पैलं घोंगड्यावर निजवत्यात," त्या म्हणाल्या. "ह्ये हरवलं तर दुसरं व्हणार न्हाई. मेंढरं न्हाईत, कातरणारा बी न्हाई."

घोंगड्याच्या कडेला सुटणाऱ्या दशांना त्यांनी सात गाठी मारल्या होत्या. वाटेत कुणी बदललं तर ओळखायला खूण.

"कोण बदलतंय तुमचं घोंगडं?"

"तिकडं थंडी लई हाय म्हणं. कुणाला बी मोह व्हईल."

फॉर्म भरताना दुसरं भांडण. आत काय आहे ते लिहू नको म्हणे. बाळ व्हायच्या आधी त्याचं सामान गावभर सांगत नाहीत, दृष्ट लागते. "जुनं कापड लिव." मी म्हटलं, वस्तू, वजन, किंमत, सगळं खरं लिहावं लागतं, खोटं लिहिलं की तिकडं अडकतं. शेवटी बाळाचं नाव न काढता 'हातानं विणलेलं लोकरीचं घोंगडं' यावर तडजोड झाली. पत्त्याची आणि फोन नंबरची एक चिठ्ठी आतही ठेवली, वरची शाई पुसली तर असावी म्हणून.

घडी घालायला गेले तर आक्काबाईंचा हात एका कोपऱ्यावरून हलेना. मी तो बाजूला केला आणि कोपरा दाबला. शिवणीत अंगठ्याखाली रव्यासारखं काहीतरी सरकलं. कुठंतरी पाणी मुरत होतं.

"उसवा हे."

"न्हाई."

मागं किकवीच्या एकानं लाडवांच्या डब्यात तंबाखूची पुडी लपवली होती. तिकडच्या कस्टमवाल्यांनी सगळंच नष्ट केलं, आईनं शिवलेल्या गोधडीसकट. तेव्हापासून मी शिवणी चाचपते. हे सगळं मी सांगितलं. तर म्हातारी म्हणते, "तुला घोंगडं ठिवून घ्यायचंय."

असा राग आला मला. घोंगडं त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, जा घेऊन. गेल्या. स्टँडच्या दिशेनं काठी टेकत चाललेल्या बघून मलाच वाईट वाटायला लागलं, पण हाक मारली नाही. अर्ध्या तासानं परत आल्या.

"खरंच फेकून देत्यात?"

"अनोळखी पूड दिसली की काय समजतील सांगता येतं का? विचारायला तुमच्या वाड्यावर येणार आहेत?"

त्यांनी कात्री मागितली आणि स्वतःच्या हातानं शिवण उसवली. आतून पुडी निघाली. जेजुरीचा भंडारा, पिवळाधमक.

"आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू काढाय लावलं असतंस."

ते खरंच होतं. मग हळूच म्हणाल्या, "पोरगी तिकडं जाऊन सगळं इसरली असंल. बाळाच्या कपाळाला कोण लावील?"

आमच्या घरात भंडारा लावत नाहीत, पण मी एक कण खाली सांडू दिला नाही. कोपरा ब्रशनं साफ केला. पुडी त्यांनी कमरेला खोचली. मी बाकीच्या कडा पुन्हा चाचपल्या, त्यांच्यादेखत. मग शिवलं. त्या एकेक टाका मोजत बसल्या होत्या.

पुढं दर बाजाराच्या दिवशी त्या हजर. मोबाईलवर पार्सल मुंबईहून निघालेलं दिसलं, मग दहा दिवस काहीच नाही. "घेतलं कुणीतरी," त्या म्हणायच्या. माझ्या मनात वेगळंच. दुसरी पुडी तर नसेल? विचारलं, तर शपथ घेतली. विश्वास कुणाचाच कुणावर बसला नाही.

मग एका बाजाराच्या दुपारी, आक्काबाई टपरीत असतानाच, सुप्रियाचा व्हिडिओ कॉल आला. फॉर्मवर माझं नाव आणि नंबरही होता. आठ दिवसांपूर्वी मुलगी झाली होती आणि पार्सल कालच पोचलं होतं. आक्काबाईंनी बाळ बघितलंच नाही. "आदी दशा दाव." सुप्रियानं हसत घोंगड्याची कड धरली. म्हातारीनं स्क्रीनवर बोट ठेवून गाठी मोजल्या. सात भरल्या तेव्हा म्हणाल्या, "आता दाव पोरीला."

बाळ घोंगड्यावर निजलं होतं आणि कपाळ पिवळं होतं. माझी पाचावर धारण बसली.

"आज्जी, दुसरी पुडी कुठं शिवली होती?"

"म्या न्हाई," त्या म्हणाल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता.

सुप्रियाला ऐकू गेलं. "अंजनाताई, हा भंडारा आजोबांचा. मी निघाले तेव्हा त्यांनी माझ्या हातात पुडी दिली होती. विमानतळावर विचारलं, मी खरं ते सांगितलं. त्यांनी उघडून बघितली आणि परत दिली. तीन वर्षं जपून ठेवलीय."

"मला बोललं न्हाईत त्ये," आक्काबाई म्हणाल्या.

"नको सांगू म्हणाले होते, आजी. म्हणाले, तिला वाटंल पोरगी तिकडं जाऊन टाकून देईल."

फोन बंद झाला. डोळ्यांतलं पाणी म्हातारीनं पुसलंही नाही.

"म्या पोरीवर संशय घेतला," त्या म्हणाल्या, "अन् ह्यांनी माझ्यावर. त्येंचंच खरं निघालं."

मग कमरेची पुडी सोडली, चिमूटभर भंडारा स्वतःच्या कपाळाला लावला आणि पुडी माझ्यापुढं धरली. मी कपाळ पुढं केलं.