तपासलेलं हृदय

पासष्टी ओलांडल्यावर मला पुन्हा तरुण व्हायची हुक्की आली. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुरू करण्याआधी डॉक्टरांनी माझं हृदय तपासायला लावलं. सोबतीला बालमित्र आला होता. "म्हातारा घोडा शर्यतीला निघालाय, लगाम धरायला नको?" म्हणाला.

"तुम्हीही तपासून घ्या," डॉक्टर त्याला म्हणाले.

"मला कुठं नवरदेव व्हायचंय?"

आम्ही दोघंही हसलो.

पुढे एका रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या मी ऐटीत चढून गेलो. "ये की रे थेरड्या!" वरून ओरडलो. तो छाती धरून खालच्या एका पायरीवर बसला होता. दमला की असली नाटकं करायचाच. मी उतरून येईपर्यंत सगळं संपलं होतं.

इंजेक्शन बंद केलं. रविवारी त्याच पायरीवर बसतो. येणारे-जाणारे विचारतात, "काका, दम लागला?"

हो म्हणतो.