शेवटच्या केमोचे पेढे

उल्हासनगरच्या केमो वॉर्डात बायकोच्या शेजारी आनंदनगर एमआयडीसीतला एक फिटर असायचा. एका हाताला सलाईन, दुसरा हात सतत मानेवरची गाठ चाचपत असे. बायकोचा शेवटचा केमो झाला, तेव्हा वॉर्डाच्या रिवाजाप्रमाणे मी पेढे वाटले. त्याने आपला पेढा रुमालात बांधला.

"खा ना," मी म्हटलं.

"मी पण वाटले होते, साहेब. आधी डॉक्टर म्हणाले, टीबीची गाठ आहे. एक गोळी चुकवली नाही. कोर्स संपल्यावर अख्ख्या खात्याला पेढे दिले. गाठ होतीच, पण गोड खाऊन सगळे गप्प बसले, मी पण. लिम्फोमा आहे, गाठीचा कॅन्सर, हे कळायला पुढे वर्ष गेलं."

सिस्टर हसत म्हणाली, "काका, तुमचे पेढे कधी?"

"गाठीला विचारून सांगतो."

डब्यात निम्मे पेढे उरले होते. बायकोने झाकण लावलं.