पहिला पोचा

गाडीला माणसासारखा जीव लावणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच आहे आणि तो माझा साडभाऊ आहे, हे मी चारचौघांत नेहमी मिरवून सांगतो. त्या माणसाच्या लाडक्या गाडीला पहिला पोचा माझ्या हातून पडला, हे मात्र मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता ती गाडी त्यांच्या दारात नाही, तिच्या जागी दुसरी आली आहे. आणि ती का आली ते कळल्यापासून त्यांच्या घरचा चहा मला गोड लागत नाही.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, अंगाने आडवे आणि आवाजाने दणदणीत. सासरचे मोठे जावई ते, म्हणून मला ‘लहाने जावई’ अशी हाक मारतात. मी मुळात कमी बोलणारा, आणि त्यांच्यासमोर तर बोलायची पाळीच येत नाही. दोन्ही मुलगे पुण्याला गेले आणि घर रिकामं झालं, तेव्हा त्यांनी एक क्रॉसओव्हर घेतली. हा प्रकार काय असतो, असं कोणी विचारलं की ते सांगत, ‘पोटानं कार अन् चालीनं जीप.’ मुलीची हौस राहून गेली होती, म्हणून गाडीचं नाव ठेवलं बबी. बबी थांबली की साडभाऊ लगेच खाली उतरत नसत. तिला दम खाऊ द्यावा लागे, आणि तोवर आम्हालाही आत बसवून ठेवत. वर्ध्याच्या उन्हाळ्यात आपण डोक्याला दुपट्टा बांधतो, तसा ते बबीच्या दोन्ही आरशांना बांधत. तिला लू लागू नये म्हणून. हॉर्न त्यांनी कधी वाजवला नाही. लेकीला रस्त्यावर ओरडायला लावायचं, हे त्यांना पटत नसे. त्याऐवजी ते स्वतः खिडकीतून अर्धे बाहेर येऊन ओरडत. आर्वी नाक्यावरचे रिक्षावाले कोणत्याही हॉर्नला जुमानत नाहीत, पण ‘सरक ना बावा, पोरीले जाऊ दे’ ऐकलं की हसत हसत बाजूला होत.

या गाडीवर त्यांच्याबरोबर आणखी एकीची नजर होती. ताई, म्हणजे त्यांची बायको, पवनारच्या शाळेत गणित शिकवते. जन्मभर एसटीने आणि ऑटोने गेली. पन्नाशीत तिनं ठरवलं की आपण गाडी शिकायची आणि आपलं आपण शाळेत जायचं. शिकलीही. रोज संध्याकाळी एकटी बबी काढायची, एक चक्कर मारून यायची, आणि परत आली की चेहरा असा असायचा की जणू बोर्डाच्या परीक्षेत पहिली आली आहे. अशाच एका दिवशी दुपारी मी आमच्याकडच्या पाहुण्यांना आणायला सेवाग्राम स्टेशनवर त्यांची गाडी घेऊन गेलो होतो. पाहुण्यांना घरी सोडलं आणि गाडी परत ठेवायला आलो. फाटकातून आत घेताना खांबाला मागचं दार लागलं. तळहाताएवढा पोचा. घरात कूलर घरघरत होता, दोघं झोपली होती, कोणाला काही ऐकू गेलं नाही. मी ती बाजू भिंतीकडे येईल अशी गाडी लावली, किल्ली खिडकीत ठेवली आणि पायी घरी गेलो. संध्याकाळी सांगू, असं मनाशी म्हणालो.

संध्याकाळी ताई गाडी घेऊन गेली. परत आल्यावर साडभाऊंनी नेहमीसारखी बबी पुसायला घेतली आणि पोचा हाताला लागला. ताई म्हणाली, ‘मले वाटलंच, फाटकापाशी काही तरी घासलं.’ घासलेलं काहीच नव्हतं, पण तिला खरंच तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी सांगायचं ठरवूनच गेलो, तर तिथे हसणं चाललेलं. साडभाऊंनी पोचा दुरुस्त करायला साफ नकार दिला होता. ‘मॅडमची सही आहे ते,’ म्हणत ते येणाऱ्याजाणाऱ्याला बोटाने दाखवत होते. त्यांना ते लाडाचं वाटत होतं. ताईही हसत होती. मग मीही हसलो, चहा प्यायलो आणि उठलो. ती सही पुढे प्रत्येक पाहुण्याला दाखवली गेली. ताई आधी पावसाचं कारण सांगून थांबली, मग परीक्षांचं, मग कारण सांगायचंही तिने सोडून दिलं. शाळेला बसनेच जात राहिली. शिकवायला उभी राहिली की फळ्यावर एक आकडा चुकू न देणारी बाई, फाटकातून गाडी बाहेर निघाली की बाजूच्या शीटवर डोळे मिटून घ्यायची.

मागच्या वर्षी साडभाऊंनी एकदम जाहीर केलं की बबी देऊन नवीन घ्यायची. आम्ही सगळे चाट पडलो. शोरूममध्ये मला बरोबर नेलं. जुन्या गाडीची किंमत ठरवणारा पोट्टा बॉनेटवर टिचक्या मारत होता, तर साडभाऊ त्याला म्हणाले, हळू. मग विचारलं की हिला कोणाच्या घरी देणार. तो म्हणाला, काका, लिलावात जाते. साडभाऊंनी त्याच्या हातातली किल्ली काढून घेतली आणि आम्ही परत निघालो.

वाटेत त्यांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. मला वाटलं बबीला दम खाऊ देतात. पण ते म्हणाले, ‘लहाने जावई, माहे डोळे चालले. बाजूचं दिसत नाई. डॉक्टर म्हणते, वर्ष-दोन वर्षात चालवणं बंद.’ आणि पुढे, ‘तुमची ताई ह्या गाडीले हात लावत नाई. तो पोचा दिसला का मागं सरते. म्हणून देऊन राह्यलो. नवी बिनक्लचची आणतो. तिनं बसलं पायजे. नाई तं आम्ही दोघं घरातच.’

माझं तोंड उघडलं. एक वाक्य होतं फक्त. मी विचारलं, ‘डॉक्टरांनी औषध काही दिलं का?’

शोरूमवाल्यांनी शेवटी कंटाळून तळेगावचं एक गिऱ्हाईक शोधून दिलं. संत्र्याचा बगीचा असलेलं घर. साडभाऊ स्थळ पाहायला जावं तसे मला घेऊन गेले. सावली कुठे आहे ते पाहिलं, फाटकाची रुंदी हाताने मोजली, घरच्या बाईला गाडी येते का ते विचारलं. मग बबीचे सगळे दोष स्वतःच सांगितले, जे कोणताही मुलीचा बाप सांगणार नाही: एसी डावीकडूनच गार हवा देतो, थंडीत सकाळी उठायला कुरकुर करते. पोच्यावरून हात फिरवून मात्र इतकंच म्हणाले की हा काढून टाकजा. सही वगैरे काही बोलले नाहीत. निघायच्या दिवशी ताईने खण-नारळाने बबीची ओटी भरली, शीटवर तांदूळ ठेवले, आणि साडभाऊ दुपट्ट्याने डोळे पुसत म्हणाले की धूळ फार आहे.

नवी आली. पांढरी, आरशासारखी. पेढे वाटले, चाकाखाली लिंबं फुटली. साडभाऊंनी किल्ली ताईपुढे धरली. ताईने हात पदराखाली घेतले. ‘मी नाई बसत. इतकी कोरी गाडी. माह्या हातून लागते ना.’ खूप समजावलं. शेजारणींनी समजावलं, माझ्या बायकोने समजावलं. मी पेढा खात होतो.

साडभाऊ पुढे झाले. गाडीत बसले, मागे घेतली, आणि आम्ही पाहत असताना, अगदी सावकाश, तिचं कोरं अंग फाटकाच्या खांबाला टेकवलं. टेकवून थांबले नाहीत, दाबलं. करकर असा आवाज झाला. शेजारीण कानावर हात ठेवून आत पळाली. आरशाला ऊन लागू न देणारा माणूस खाली उतरला, पोचा नीट पडला का ते चष्मा वर करून पाहिलं आणि किल्ली ताईच्या हातात दिली.

‘घे वं. पहिला माहा झाला. आता तुले कायचं भेव?’

ताईने त्या पोच्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, ‘पागल झाले काय तुम्ही?’ आणि रडता रडता हसली, आणि गाडीत जाऊन बसली. शीट पुढे घ्यायची कळ सापडेना म्हणून मलाच हाक मारली.

आता ती रोज स्वतः पवनारला जाते. सुरुवातीला साडभाऊ बाजूच्या शीटवर बसून जायचे आणि शाळा सुटेपर्यंत धाम नदीच्या काठी झाडाखाली बसून राहायचे. ‘गाडी मी परत आणली तं तिची सवय मोडते,’ असं म्हणायचे. आता तेवढीही गरज राहिली नाही. परवा ताई साडभाऊंना घेऊन नागपूरला जाऊन आली, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. येताना एका ट्रकला मागे टाकलं, हे तिने मला फोन करून सांगितलं. साडभाऊ मागून ओरडत होते की हॉर्नही वाजवला म्हणून सांग.

मी म्हणालो, वा. मी नेहमी तेवढंच म्हणतो. जे काम माझ्या एका वाक्याने झालं असतं, त्यासाठी त्या माणसाने आपली लेक दुसऱ्याच्या घरी दिली आणि आपल्या हाताने नवी गाडी खांबावर घातली. ताई आज बिनधास्त गाडी चालवते, पण पहिली गाडी आपण ठोकली असंच ती अजून समजते. ती तिने ठोकली नव्हती. हे तिच्यासमोर बसून, तिच्या तोंडाकडे पाहून सांगणं माझ्याकडे बाकी आहे.