भिंतीला हात लावून

मोरोक्कोतल्या फेसच्या जुन्या शहरात माणूस वाट चुकला की फिरून फिरून शेवटी माझ्या भट्टीपाशी येतो. आमची बदाम गल्ली तोंडाशी ऐसपैस आहे. पुढे मोठा रस्ता असेल असं कुणालाही वाटतं, आणि ती वळत वळत येऊन माझ्या दारात संपते; तिथून फक्त माहीतगारांचे एक-दोन अरुंद बोळ फुटतात. इथे मी घराघरांतून आलेले पाव भाजतो, आणि माझ्याच पायरीवर बसून अब्देलहाय सेर्घिनी गिऱ्हाइकाची वाट बघायचा.

तो वाटाड्या होता. परवाना नव्हता, म्हणून तरुणपणी चारदा कोठडीत जाऊन आला. पण ऐट पाहावी तर त्याची. इस्त्रीचा पायघोळ जल्लाबा, पायात पिवळ्या सपाता, आणि थापा मारण्यात पटाईत. एकाच सुलतानाला त्याने तीन वेगवेगळ्या दारांपुढे मारलं होतं, आणि प्रत्येक ठिकाणी परदेशी बायकांच्या डोळ्यांत पाणी आणलं होतं.

मग शहराने भिंतींवर रंगीत तारे ठोकले. निळ्या ताऱ्यांमागे गेलं की तांबटांचा चौक, हिरव्यांमागे बागा. लोक आपले आपण हिंडू लागले. पुढे प्रत्येकाच्या हातात फोन आला, आणि वाटाड्याला कुणी विचारेना. तरी झाकलेल्या बोळांत फोनचं डोकं फिरतं. मग लाल झालेले घामाघूम चेहरे माझ्या भट्टीपाशी येऊन थांबत. अब्देलहाय त्यांच्याकडे काही मागत नसे. तो उठायचा, जल्लाबा झटकायचा आणि चालू लागायचा. ते मुकाट त्याच्यामागे जात.

एकदा मी त्याला डिवचलं, की आता मशिदीच्या दाराशी का बसत नाहीस, तिथे भीक बरी मिळते. त्याने सपातांवरची धूळ झटकली. मग म्हणाला, "तिथे बसणाऱ्याच्या अंगावरून लोक पुढे जातात, बूश्ता. मी पुढे चालतो आणि लोक माझ्या मागे येतात. हे संपलं की मी संपलो." एवढंच त्याचं मागणं होतं आयुष्याकडे.

साखरेच्या दुखण्याने त्याचे डोळे नेले. एकदम नाही, हळूहळू. एक दिवस त्याने भिंतीला टेकवून ठेवलेल्या माझ्या पाव काढायच्या उंच फावड्याला सलाम केला. एकदा चहाचा पेला त्याने हवेतच ठेवला, तो फुटला, आणि त्याने पायरीला शिव्या घातल्या. मी काच गोळा केली आणि पायरी खरंच वाकडी आहे म्हणालो. समोरचा न्हावी मेक्की सगळं बघत होता. "अल्ला झाकून ठेवो," तो पुटपुटला आणि वस्तऱ्याला धार लावू लागला.

आमच्याकडे असंच आहे. माणूस जे झाकतो ते दुसऱ्याने उघडं करायचं नाही. त्याने सांगितलं नाही, म्हणून आम्हाला ठाऊक नव्हतं. तो डावा हात भिंतीवरून फिरवत चाले. लाकडी दार, मग मोडका पाणवठा, मग वळण. परदेशी लोकांना सांगे, की या भिंतींना हात लावला तर आशीर्वाद मिळतो. बिचारे तेही हात लावत त्याच्यामागून जात. आम्ही पोट धरून हसायचो आणि मग कुणीच कुणाकडे बघायचं नाही.

त्या शुक्रवारी सकाळी गटार दुरुस्तीवाले आले. त्यांनी पाणवठ्याच्या पुढे माणूसभर खोल खड्डा खणला आणि दुपारच्या नमाजाला निघून गेले. जाताना लाल-पांढरी फीत बांधली. डोळे असलेल्यांना ती पुरेशी होती. अब्देलहाय नमाज आटोपून दुसऱ्या अंगाच्या बोळातून आला तेव्हा सगळं शांत होतं. पायरीवर एक परदेशी बाई फोन हलवत बसली होती. तो काही बोलायच्या आतच ती उठली, इतका रुबाब त्याच्यात अजून होता.

मेक्की दुकानातून बाहेर आला. माझ्याकडे बघितलं. मग मोठ्याने, अदबीने म्हणाला, "सी अब्देलहाय, आज तुम्ही वरच्या बोळातून जा. तिकडे सावली आहे."

"सावली तुझ्या गिऱ्हाइकांना दे. मला रस्ते शिकवतोस?"

"शिकवत नाही हो. या बाईंना ऊन लागेल, म्हणून म्हटलं."

मीही म्हणालो, की वरच्या बाजूचं जुनं दार दाखव तिला, छान आहे. तो हसला. म्हणाला, आज हे दोघं वाटाडे झालेत. आणि भिंतीला हात लावून निघाला, ती त्याच्यामागे. मेक्की दोन पावलं त्यांच्यामागे गेला आणि थांबला. फीत समोर दिसत असताना खड्ड्याचं नाव काढलं असतं किंवा हात धरला असता, तर भर गल्लीत, परक्या बाईसमोर, त्याला आंधळा म्हटल्यासारखं झालं असतं.

बाईने पोलिसांना सांगितलं, की फीत तिला दिसली होती. पण तो इतका सरळ चालला होता, की बाजूने वाट असणार असं तिला वाटलं. शहर त्याचं होतं. फौजदाराने आम्हाला विचारलं, जन्म इथे गेलेला माणूस पडलाच कसा. सपात घसरली, मी म्हणालो. घसरली, मेक्की म्हणाला. त्याची मान मोडली होती, तरी आम्ही झाकतच होतो.

तिसऱ्या दिवशी मी पावांची टोपली घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याची बायको लल्ला बतूल पांढऱ्या कपड्यांत बसली होती. तिने मला बसायला आसन दिलं आणि सरळ विचारलं, "त्याला दिसत नव्हतं, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

मला खोटं बोलवेना. हो म्हणालो.

"मेक्कीला?"

"सगळ्या गल्लीला, लल्ला."

ती बराच वेळ टोपलीवरचं फडकं नीट करत राहिली.

"मला वाटायचं, मी एकटीच झाकतेय," ती म्हणाली. "तुम्हाला कळू नये म्हणून रोज त्याला दारातून एकटं सोडायचे. तुम्हाला ठाऊक आहे हे मला ठाऊक असतं, तर हात धरून आणला नसता का मी त्याला?"