टॅडलॉकने ग्लोव्ह बदलला

ऑर्व्हिल टॅडलॉकचा डावा तळहात उजव्यापेक्षा अर्ध्या बोटाने जाड होता. एकोणीस वर्षं दुसऱ्यांचे चेंडू झेलून हाताची ही गत झालेली. कुणी कीव करू लागलं की तो म्हणायचा, "लोकांशी हात मिळवायला उजवा आहे ना शाबूत? मग झालं."

हेरॉन्स या बेसबॉल संघात तो कॅचर होता, म्हणजे पिचरने टाकलेला चेंडू झेलणारा, पण सामन्यातला नव्हे. सामन्यात झेलायला दुसरे होते, ज्यांचे फोटो छापून येत. टॅडलॉकची जागा मैदानाच्या कोपऱ्यात, कुंपणाआड, बुलपेनमध्ये. सुरुवातीच्या पिचरने सामन्याआधी हात मोकळा करायचा तो तिथे, आणि तो दमला की त्याच्या जागी जाणारे राखीव पिचर दिवसभर सूर्यफुलाच्या बिया चघळत बसायचे तेही तिथेच. त्या सगळ्यांसमोर उकिडवं बसून चेंडू झेलायचा, परत फेकायचा, पुन्हा झेलायचा. दिवसाला चारशे तरी होत. त्याच्यासाठी कधी कुणी टाळी वाजवली नाही. मोसम संपला की तो नेब्रास्कात आपल्या गावी जाऊन पेंडीच्या गिरणीत पोती उचलायचा, आणि फेब्रुवारीत सराव-शिबिरासाठी पुन्हा फ्लोरिडाला हजर.

पण टॅडलॉकपाशी एक कसब होतं. त्याचा अकरा वर्षांचा ग्लोव्ह वापरून वापरून मऊ झालेला, आणि तर्जनीच्या खालची गादी त्याने स्वतः चाकूने काढून टाकलेली. चेंडू येतो त्या क्षणी हात किंचित पुढे नेऊन तो नेमका त्या पातळ जागी घ्यायचा. मग असा आवाज निघे की कुंपणापलीकडे संत्री विकणारी बाई दचके. फाट्! टाकणाऱ्या पोराची छाती लगेच फुगायची. नव्या पोरांना धीर देण्याची बुलपेनमधली ही जुनीच रीत, सगळेच कॅचर थोडंफार करतात. टॅडलॉकच्या हातात मात्र मेलेला चेंडूसुद्धा गाऊ लागे.

यात वाईट काय, असं कुणी म्हणेल. वाईट असं की पिचरांचा कोच एमेट स्कार्डा हा त्या आवाजावर माणसं निवडायचा. वेग मोजायचं यंत्र तेव्हा, एकोणसत्तर साली, पोलिसांकडे असेल, हेरॉन्सकडे नव्हतं. अडुसष्ट वर्षांचा हा म्हातारा पिचरांकडे पाठ करून, डोळे मिटून, गालात तंबाखू धरून उभा राहायचा. "डोळ्यांना पोराचा रुबाब दिसतो," तो म्हणायचा, "कानाला चेंडू कळतो." सगळा संघ त्याच्या कानाला मान द्यायचा, आणि टॅडलॉक गप्प बसायचा.

त्या मार्चमध्ये संघाची अवस्था कठीण होती. सुरुवातीच्या पिचरांच्या जागा चार, उमेदवार पाच, आणि पाचही कोवळे, थोरला तेवीसचा. मागे बुलपेनमध्ये तर आनंदच होता. एकाची पाठ धरलेली, एकाच्या घोट्याचं प्लास्टर नुकतंच निघालेलं, एक जण झिपऱ्या डोक्याचा, ज्याचा चेंडू कुठे जाईल ते त्यालाही ठाऊक नसे. उरला पोर्तो रिकोचा कोलाझो, चौतीस वर्षांचा, सगळ्यांचा भार वाहणारा.

"जेवणावळ पोरांची," कोलाझो म्हणायचा, "आणि उष्टी काढायला आम्ही. यंदा तर उष्टी काढायलाही मी एकटाच. टॅड, तूच का नाही टाकत दोन इनिंग?"

"टाकतो की. झेलायला तू बस."

"नको रे बाबा. तुझे गुडघे वाजतात ते मला इथे ऐकू येतात."

पाचांत सगळ्यांचं लक्ष होतं रँडल हॉकेटवर. केंटकीतल्या तंबाखूच्या शेतावरचा वीस वर्षांचा पोर. लांब हात, लाल कान, आणि बोलण्यात आईने घोटून घेतलेली अदब. बाकीचे टॅडलॉकला 'ए टॅड' म्हणत. हॉकेट मात्र 'मिस्टर टॅडलॉक' म्हणे, आणि सराव संपला की ग्लोव्ह झटकून हातात देई. टॅडलॉकचा जीव जडला होता त्याच्यावर, अगदी सरळ सांगायचं तर. स्वतःला मूलबाळ नव्हतं, आणि असतं तर ते असं असावं असं त्याला वाटायचं.

हॉकेटचा चेंडू शेवटच्या क्षणी उसळी घेऊन बरोबर तर्जनीच्या खाली बसायचा. तिथे झोंबलं की टॅडलॉक खूश. पण मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ग्लोव्ह काढल्यावर त्याला दिसलं की तर्जनीखालचं लालपण उतरलंय आणि अंगठ्याच्या बुडाशी नवा काळानिळा डाग पडलाय. त्याने आठवून पाहिलं. चार-पाच दिवस हॉकेटचा चेंडू उसळी न घेता खाली बसत होता, आणि तो वाजवायला हात दोन बोटांऐवजी वीतभर पुढे न्यावा लागत होता. आपण ते नकळत करत होतो, हेही त्याच्या तेव्हाच लक्षात आलं. मग त्याने नुसती नजर ठेवली. उजव्या हाताने चेंडू टाकणारा हॉकेट सोड्याची बाटली डाव्या हाताने उचलत होता. टोपीसुद्धा डाव्या हाताने.

दुपारी अवजारांच्या खोलीमागे त्याने पोराला गाठलं.

"कोपर कधीपासून दुखतंय?"

"नाही दुखत, सर."

"हात वर कर बघू. डोक्यावर."

हॉकेटने हात खांद्यापर्यंत नेला आणि तिथेच थांबला. त्याचे कान आणखी लाल झाले. "थोडंसंच आहे, मिस्टर टॅडलॉक. गुरुवारी शेवटची चाचणी. मग यादी लागते. एकदा यादीत नाव आलं की पहिल्या सामन्याला अजून आठ दिवस आहेत, तेवढ्यात बरं होईल."

"आणि नाही झालं तर?"

"गावाकडून चर्चची अख्खी बस यायची आहे पहिल्या सामन्याला. बाबांनी सगळ्या तालुक्याला सांगून ठेवलंय." तो खाली बघत पुटपुटला, "तुम्ही फक्त वाजवा ना. नेहमी वाजवता तसं. एवढा एकच दिवस."

म्हणजे पोराला ठाऊक होतं. टॅडलॉकला कुणी थोबाडीत दिल्यासारखं झालं.

बुलपेनचा एक कायदा आहे, कुठे लिहिलेला नाही, पण मोडणाऱ्याला पुन्हा कुणी जवळ करत नाही. बुलपेनमध्ये पाहिलेलं, ऐकलेलं कॅचरने वर सांगायचं नाही. पिचर त्याच्यापाशी रडतो, शिव्या देतो, हात दुखतो म्हणतो, ते सगळं तिथेच पुरायचं. एकोणीस वर्षांत टॅडलॉकच्या तोंडून एक अक्षर बाहेर गेलं नव्हतं. त्याच्या चार दिवसांच्या पोटापाण्याचा नव्हे, सगळ्या अब्रूचा आधार तोच होता.

आणि तरीही त्याच्या ट्रंकेत नऊ नाताळकार्डं होती.

ती व्हर्नन ऑस्लरची. नऊ वर्षांपूर्वी व्हर्ननचाही चेंडू असाच खाली बसू लागला होता, आणि टॅडलॉकने तो असाच वाजवून वाजवून त्याला संघात बसवला होता. मे महिन्यात, घरच्या मैदानावर, चौथ्या इनिंगमध्ये व्हर्ननचा हात गेला तो गेलाच. आता तो आयोवात ट्रॅक्टर विकतो. दर नाताळला कार्ड पाठवतो, डाव्या हाताने लिहिलेलं, अक्षरं पहिलीतल्या मुलासारखी वाकडी. 'माझा चेंडू तुझ्याइतका छान कुणीच झेलला नाही. तुझे उपकार विसरणार नाही.' टॅडलॉकने एकाही कार्डाला उत्तर दिलं नव्हतं. काय लिहिणार?

बुधवारी संध्याकाळी खानावळीत ताटातला तळलेला मासा तसाच टाकून उठला, मोटेलवर गेला आणि पलंगाखालून एक खोकं ओढलं. त्यात नवा ग्लोव्ह होता, गेल्या वर्षी कारखान्याने पाठवलेला. फळीसारखा कडक, गादी उशीएवढी. असा ग्लोव्ह मऊ व्हायला मोसम जातो, आणि तोवर त्यात कुणाचाही चेंडू नुसता भप् करतो. सांगायचं नाही, त्याने स्वतःशी ठरवलं. पण वाजवायचंही नाही. एकाचंही नाही.

गुरुवारी सकाळी पाचही पोरं ओळीने आली. स्कार्डा नेहमीसारखा पाठ करून, डोळे मिटून उभा राहिला. संघाचा मॅनेजर वही घेऊन बाकावर. पहिल्या पोराने टाकला.

भप्.

त्याचाच दुसरा. भप्. तिसरा. भप्.

"अरे, झोपेत टाकतोयस काय?" स्कार्डा पाठमोराच ओरडला. पोरगं बावरलं. त्याने जीव खाऊन टाकला. भप्. कोलाझो बाकावर बिया चघळायचा थांबला.

दुसऱ्या पोराचंही तेच. स्कार्डाची मान लाल झाली. "टॅड! हे काय घातलंयस हातात?"

"नवा ग्लोव्ह, कोच."

"जुना कुठाय?"

"मोटेलवर."

"मग जा आणि घेऊन ये. चाचणीचा दिवस आहे हा, तुझा ग्लोव्ह मऊ करायचा नव्हे!"

टॅडलॉक उठला. गुडघे कडकडले. तो म्हणाला, "आणणार नाही."

एकोणीस वर्षांत या माणसाने 'हो कोच' सोडून दुसरं काही म्हटल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

"आणणार नाहीस? तुझ्यासारखे कॅचर पैशाला पासरी मिळतात, कळलं?"

"मिळू देत. पण आज झेलणार मी, आणि याच ग्लोव्हने. पाचही जणांना हाच." तो पुन्हा उकिडवा बसला. "ऐकू येत नसेल तर वळून बघा, कोच. बघायला काय हरकत आहे?"

स्कार्डाने तंबाखूची पिंक टाकली. मग वैतागून, कुरकुरत, म्हातारा वळला. आता तो टॅडलॉकच्या मागे, तोंड पिचरांकडे करून उभा राहिला.

तिसरा आणि चौथा झाल्यावर हॉकेट आला. त्याने टॅडलॉककडे एकदाच पाहिलं, आणि त्या नजरेतली विनवणी टॅडलॉकला पुढे कित्येक दिवस जेवताना आठवायची. त्याने ग्लोव्ह मधोमध धरला, इकडेतिकडे न हलवता.

पहिला चेंडू. दुसरा. तिसरा. चौथ्याला स्कार्डा पुढे सरकला.

"थांब. पोरा, तुझं कोपर खाली का येतंय?"

"नाही तर, सर."

"खांद्याच्या वर गेलंच नाही एकदाही. हात वर कर."

हॉकेटने केला, जेवढा जात होता तेवढा. मॅनेजरने वही मिटली.

डॉक्टरांनी सांगितलं की कोपरातली शीर झिजून दोऱ्यावर आली आहे; आणखी महिनाभर टाकलं असतं तर तुटलीच असती. आठ महिने चेंडूला हात लावायचा नाही. उरलेल्या चारांतला एक स्कार्डाने डोळ्यांनी पाहून परत पाठवला, म्हणून यादीत चौथ्या जागी कोलाझोचं नाव लागलं, आणि बुलपेनमध्ये उरले पाठवाला, घोट्याचा आणि झिपऱ्या. "वा!" कोलाझो म्हणाला, "म्हातारपणी लग्न लागलं माझं. पण टॅड, तू जे केलंस ना..." नुसता खांदा दाबून गेला.

हॉकेट बॅग घेऊन निघताना फाटकाशी थांबला. "तुम्ही एवढंच करायचं होतं," तो म्हणाला, आणि मग त्याची अदब गळून पडली. "संपवलंस तू मला. बाबांना काय सांगू? सांग ना!"

टॅडलॉक त्याची बस दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभा राहिला.

संध्याकाळी स्कार्डा त्याच्या शेजारी बाकावर येऊन बसला.

"किती वर्षं वाजवत होतास?"

"पहिल्यापासून."

"व्हर्ननचाही?"

"हो, कोच."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. "मला वाटायचं, माझा कान..." तो उठून गेला. त्या मोसमात तो टॅडलॉकशी कामापुरतंच बोलला. पण त्याने टॅडलॉकला काढलं नाही, आणि पुन्हा कधी पिचरांकडे पाठही केली नाही.

मोसम सुरू झाला त्या दिवशी टॅडलॉकने व्हर्ननला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, कसलीही सबब न सांगता. त्या नाताळला कार्ड आलं नाही. टॅडलॉक नववर्षापर्यंत रोज टपालपेटी उघडून बघत होता.

पुढच्या मार्चमध्ये हॉकेट आला. जरा भरलेला, कान तसेच लाल. टॅडलॉककडे न बघता तो चेंडू टाकायच्या उंचवट्यावर गेला आणि चेंडू मागायला हात पुढे केला. टॅडलॉक उकिडवा बसला. हातात तोच ग्लोव्ह, वर्षभरात जरासा मऊ झालेला. गादीला त्याने चाकू लावला नव्हता.

हॉकेटचा हात डोक्यावरून आला. चेंडू शेवटच्या क्षणी उसळला आणि बसला तर्जनीच्या खाली. गादी जाड होती, तरी कळ थेट कोपरापर्यंत गेली. टॅडलॉकच्या डोळ्यांत पाणी आलं.

"लागलं काय?" हॉकेटने विचारलं. वर्षभरातला त्याचा पहिला शब्द.

"लागलं," टॅडलॉक म्हणाला, आणि चेंडू परत फेकला. "तिथेच टाक."