आधी प्रार्थना

ऐंशीच्या दशकाअखेरची गोष्ट. धुळ्याला आमच्या प्रार्थनामंदिरामागे एक खोली होती. प्रशिक्षण घेऊन नुकताच परतलेला मी तिथे दर गुरुवारी लोकांना बायबलच्या आधाराने समुपदेशन करायचो. एका तासाचं वेळापत्रक पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावलं होतं: प्रार्थना, ऐकणं, वचन, घरी करायचा अभ्यास, पुन्हा प्रार्थना. टेबलावर घड्याळ. या शिस्तीचा मला भारी गर्व होता.

चोपड्याकडच्या एका गावातून एक विधवा बाई यायची, दोन बस बदलून. यावलला दिलेल्या पोरीबद्दल बोलायचंय, एवढं तिने मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांकरवी कळवलं होतं. मी तिला अक्का म्हणायचो. ती आली की डोळे मिटून चांगली लांबलचक प्रार्थना करायचो. मग विचारायचो, "अक्का, पोर कशी आहे?"

"ठीक शे भाऊ. बठ्ठं ठीक शे." सगळं ठीक, एवढंच तिचं उत्तर.

पुढे ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसायची. मी घड्याळाकडे बघायचो. ऐकण्याची वेळ संपली की वचन वाचायचो, तेही धीर धरण्याचं. चार गुरुवार असेच गेले. ही बाई उगाच हेलपाटे घालते, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

पाचव्या गुरुवारी ती आली नाही. निरोप आला, की पोरीने केळीच्या बागेतल्या विहिरीत जीव दिला. नवरा रोज मारायचा हे तिथल्या सगळ्या गल्लीला माहीत होतं. मला नव्हतं.

मी तिच्या गावी भेटायला गेलो. ओट्यावर बसलो आणि न राहवून विचारलं, "अक्का, मला का नाही सांगितलं?"

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"सांगालेच येत व्हतू, भाऊ. पोरले माहेरले लई येऊ का, हाई इचारानं व्हतं. पन तुम्ही पयले प्रार्थना करी लेत. प्रार्थना झायी का मंग कोनबद्दल वाईट बोलानं नही, असं आमनी माय सांगे. देवना समोर जवाईनी चुगली कशी करू?"

माझी आईही हेच सांगायची. मीच ते विसरलो होतो, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

परतल्यावर पुठ्ठ्यावरची पहिली ओळ खोडली. आधी चहा, मग ऐकणं, प्रार्थना अगदी शेवटी.

महिन्याभराने ती पुन्हा आली. मी चहा दिला, घड्याळ उचलून कपाटात ठेवलं आणि प्रार्थना न करता तिच्यासमोर बसलो. तिने चहा संपवला, कप खाली ठेवला.

"भाऊ," ती म्हणाली, "आते प्रार्थनाच करा."