उपाशी गेलेला साहेब

लीलाधर नानांना एकच व्यसन होतं, आणि ते दारूपेक्षा महाग पडायचं. त्यांना माणसं जेवू घालायची खोड होती. रावेरहून सातपुड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची केळीची बाग, आणि बागेच्या तोंडाशीच घर. त्यामुळे खताचा सेल्समन असो, वाट चुकलेला ट्रकवाला असो की मतं मागायला आलेला उमेदवार, नानांच्या तावडीतून कोणी सुटत नसे. एकदा वायरमन वीज तोडायला आला. नानांनी त्याला आधी गळ्यापर्यंत जेवू घातलं, मग त्याची शिडी स्वतः धरली. वायरमनने ढेकर दिली आणि वीज तोडली. नाना अंधारात बसून त्याच्या भुकेचं कौतुक करत राहिले.

या पंक्तींचं नाव नानांचं व्हायचं आणि कंबरडं मोडायचं त्यांच्या बायकोचं, कुंदाबाईंचं. त्या चुलीपाशी बसून येईल त्या पाहुण्याचा उद्धार करत आणि त्याच हाताने त्याच्यासाठी पुऱ्या तळत. "देवानं या मानसाले बायको काहाले देली? खानावळ द्याची होती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाहुण्याला ते बाहेर ऐकू यायचं. नाना म्हणायचे, "आयकू नका, तिचा आवाजच तसा हाये. अजून दोन पुऱ्या घ्या."

अशा घरात हितेंद्र जन्माला आला, म्हणजे हिशेबी मुलगा जन्माला आला. शेतकीची पदवी घेऊन परतल्यावर त्याने बागेशेजारी केळीचं पॅकहाऊस बांधलं. आखाती देशातला एक व्यापारी त्याची केळी घ्यायला तयार होता. पण केळी परदेशी पाठवायची तर बागेची नोंदणी लागते आणि पॅकहाऊसला सरकारी मान्यता लागते. साहेब येऊन तपासणार, पसंत पडलं तर शिक्का देणार. नाहीतर नेहमीसारखा माल रावेरच्या व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये टाकायचा आणि तो सांगेल तो भाव ऐकून मान डोलवायची. हितेंद्रला मान डोलवायचा कंटाळा आला होता.

पॅकहाऊस मात्र दृष्ट लागण्यासारखं झालं. पांढऱ्या फरशा, केळ्यांच्या फण्या धुवायचे हौद, स्टीलची लांबलचक टेबलं, आणि एका टोकाला थंडगार खोली. दारावर नियमांचा फलक होता. आत टोपी घालायची, बांगड्या काढायच्या, नखं वाढवायची नाहीत, थुंकायचं नाही, आणि काही म्हणजे काही खायचं नाही. हा शेवटचा नियम नानांना फार विनोदी वाटला.

"केळी ही खायाची वस्तू," ते येईल त्याला सांगत, "अन् तिच्याजवळच खायाचं नाही! उद्या म्हनतील, देवळात हात जोडू नका."

कुंदाबाईंना तोच नियम सगळ्यात आवडला. तसलाच एक फलक आपल्या स्वयंपाकघरालाही लावून दे, असं त्यांनी हितेंद्रला दोनदा सांगून पाहिलं.

थंडीच्या सुरुवातीला पहिली तपासणी झाली. साहेब तरुण होता, किडकिडीत होता, आणि पहाटे नाशिकहून निघून थेट आला होता. त्याचं खपाटीला गेलेलं पोट बघून नानांना राहवेना. हितेंद्र साहेबाला बागेत घेऊन गेला, तोवर नानांनी शेजारच्या नथ्थूला वांगी आणायला पिटाळलं. भरिताची ती हिरवी, लांबट वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली गेली, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचली गेली. एकट्या माणसाला जेवायला संकोच वाटतो, म्हणून सोबतीला नानांनी दहाबारा गावकरी बोलावले. आता एवढी पंगत बसवायची कुठे? घरात पसारा होता, अंगणात काड्यांचा धूर. नानांनी चौफेर पाहिलं आणि सगळ्या शिवारात जी सर्वांत स्वच्छ जागा होती, तिथे पंगत मांडली.

साहेब बाग पाहून परत आला, तर पॅकिंगच्या हॉलमध्ये दुतर्फा पंगत बसलेली. परदेशी पाठवायची कोरी खोकी उलगडून त्यांची बसकरं केलेली. स्टीलच्या टेबलावर पुऱ्यांचा डोंगर, आणि ज्या हौदात फण्या धुवायच्या त्यात नथ्थू चुळा भरतोय. मधोमध नाना हात जोडून उभे.

"या साहेब. तुमच्यासाठीच थांबलोय सगळे."

साहेब भला होता. आत जेवायला तो काही बसला नाही, पण नानांचा चेहरा बघून लिंबाखाली बसला आणि जेवला. भरीत तीनदा मागून घेतलं. हात धुतले, नानांना नमस्कार केला, आणि गाडीत बसून मान्यता नाकारली.

नानांना त्यात वावगं काही दिसलं नाही. माणूस जेवला, त्याने आपलं काम केलं. पण हितेंद्र त्या संध्याकाळी ओट्यावर उभा राहून बापाला जे बोलला, ते त्यांना आरपार लागलं.

"नाना, तुमी मानसांले जेवू घालत नाही. तुमी तुमचा मोठेपना मिरवता. लोक खाऊन जातात अन् मांगे तुमाले हासतात. म्या दोन वरीस या भिंतीपायी जीव काढला, अन् तुमी तो भरतात घातला."

लोक हसतात हे नानांना ठाऊक होतं. भरल्या पोटी माणूस हसतोच, त्यात काय एवढं. पण पोराचा आवाज बोलता बोलता रडका झाला होता, आणि त्याला आपण रडवलं याची त्यांना मनापासून लाज वाटली. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ते कुंदाबाईंना म्हणाले, "पोरगं खरं बोलून राह्यलं." कुंदाबाई म्हणाल्या, "चाळीस वरीस म्या तेच बोलली, तव्हा कुठी गेले होते कान?"

हितेंद्रने हॉल पुन्हा घासून काढला, खोकी नवी आणली, पुन्हा अर्ज केला. आखातातला व्यापारी एवढा एकच हंगाम थांबणार होता. दुसऱ्या तपासणीच्या आदल्या दिवशी हितेंद्रने बापाला समोर बसवलं.

"उद्या साहेबाले काही विचाराचं नाही. जेवन नाही, चहा नाही, पानीसुदिक नाही. चारून शिक्का घेतला असं कोनी म्हनाले नको. शपथ घ्या."

"पानी तरी?"

"नाना!"

नानांनी शपथ घेतली, तीही मुलाच्या डोक्यावर हात ठेवून. कुंदाबाई दारातून हे सगळं ऐकत होत्या. त्या हसल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी नाना फाटकावर खुर्ची टाकून बसले. गावात साहेबाची गाडी दिसल्याची बातमी पसरताच एकेक जण भरताच्या आशेने येऊ लागला. नानांनी त्यांना परत पाठवलं. नथ्थू तर न सांगता वांग्यांचं पोतं घेऊन हजर झाला. नाना त्याला म्हणाले, "घरी जाय." नथ्थूला वाटलं, नानांची तब्येत बिघडली. तो पोतं तिथेच ठेवून हवालदिल चेहऱ्याने निघून गेला.

मागच्या वेळचाच साहेब आत होता. हौद पाहत होता, टोप्या मोजत होता, फण्यांवरचा चीक नीट धुतला जातो का ते बघत होता. ऊन डोक्यावर आलं, कलंडलं, तरी तो बाहेर येईना. नाना बसल्या जागी कासावीस होत होते. पोरगा आत पास होतोय की नापास, याची त्यांना धाकधूक होतीच. पण त्याहून मोठी धाकधूक ही, की हा माणूस सकाळपासून काय खाऊन आहे?

अखेर साहेब बाहेर आला. चेहरा उतरलेला, हातातली पाण्याची बाटली रिकामी. फाटकापाशी तो घुटमळला. गाडीचं दार उघडलेलं होतं, पण तो बसेना.

"काय नाना, बरे आहात ना?"

"बरा हाये साहेब."

साहेबाने नाक वर केलं. घराकडून भाजलेल्या वांग्यांचा वास येत होता. मिरची-लसणाचा ठेचा पडलेला, फोडणीला शेंगदाणे घातलेले, अगदी ओळखीचा वास. नानांच्याही नाकात तो शिरला आणि त्यांची मान घराकडे वळली.

"आज घरी बेत दिसतोय," साहेब हसून म्हणाला. आणि थांबला.

नानांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "नाही साहेब. मजुरांनी काहीतरी भाजलं असन बागेत."

अन्नावरून ते जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले. साहेब म्हणाला, "मजुरांची मजा आहे," आणि गाडीत बसला. धूळ उडाली, गाडी रावेरच्या रस्त्याला लागली.

तेवढ्यात हितेंद्र आतून धावत आला. डोक्यावर टोपी तशीच, डोळ्यांत पाणी. "नाना, झालं! एक चूक निघाली नाही! साहेब सोता बोलले, मान्यता पक्की म्हनून!" त्याने बापाला मिठी मारली. कितीतरी वर्षांत त्याने असं केलं नव्हतं. नानांना ते आवडलं, फार आवडलं. त्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "तो उपाशी गेला रे."

"जाऊ द्या नाना. वाटेत ढाबे हायेत."

नाना घरात आले. स्वयंपाकघरात भरताचं पातेलं झाकून ठेवलेलं होतं, पुऱ्यांची टोपली टम्म भरलेली, कांद्याची पात चिरून तयार. पानं धुऊन पुसून मांडलेली. कुंदाबाई पदर खोचून उभ्या होत्या, आणि त्यांची नजर नानांच्या मागे दाराकडे होती.

"साहेब कुठी हाये?"

"गेला."

"गेला? जेवल्याबिगर?"

"शपथ घेतली होती ना मी. तू तर तिथीच होती."

कुंदाबाई मटकन पाटावर बसल्या. पाहुण्यांच्या नावाने बोटं मोडण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी पुऱ्यांच्या टोपलीकडे पाहिलं, रिकाम्या पानांकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"मले वाटलं, तुमी नेहमीसारखे आयकनार नाही," त्या म्हणाल्या. "पोराचं एवढं आयकाचं असते का?"